सुताचा गुंडा आणि एका अक्षराची चूक

दिवाळी सरली की पांढुर्णा आणि सौंसर ह्या दोन्ही तहसिलींत हातांना उसंत नसते. शेतात कापूस फुटलेला असतो, बागांत आंबिया बहाराची संत्री रंगू लागलेली असतात, आणि घरातील लहानथोर सारी माणसे वेचणीला व तोडणीला लागतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा मराठी बोलणारा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा निघाला व सौंसर त्यात आले. परंतु नागपुराशी आणि विदर्भाशी असलेली त्याची नाळ तुटलेली नाही. भाषा तीच, पिके तीच, सोयरिकी त्याच. आणि दुर्दैवाने एक दुखणेही तेच.

ह्याच हंगामात, थंडी पडू लागली की, एखाद्या घरचे एखादे मूल शेतात जाईनासे होते. त्याचे हातपाय ठणकतात, पाठ व छाती असह्य दुखते, डोळे पिवळसर दिसतात, चार पावले चालले की धाप लागते. चार-आठ दिवसांनी ते पुन्हा उठून बसते. शेजारी म्हणतात, पोर आळशी आहे. कोणी दृष्ट काढतो, कोणी अंगारा लावतो, कोणी बाहेरची बाधा झाल्याचे सांगतो. घरात कुजबुज सुरू होते की सुनेच्या माहेरूनच काहीतरी आले असावे. अशी कित्येक मुले वर्षानुवर्षे कण्हत राहिली आणि त्यांतील पुष्कळशी, आपल्याला काय झाले आहे हे कोणालाही न कळता, लवकर देवाघरी गेली.

ह्या दुखण्याला डॉक्टर 'सिकलसेल' म्हणतात. सिकल म्हणजे विळा व सेल म्हणजे पेशी. हा आजार संसर्गाने येत नाही, दृष्टीने येत नाही, कोणाच्या शापानेही येत नाही. तो ज्या ठिकाणी लपून बसलेला असतो ती जागा मनुष्याला दिसावयास फार काळ लागला. ती जागा कोणती आणि तेथे नेमके काय घडते, हे समजून घेणे आपल्या गावोगावच्या आईबापांना अगत्याचे आहे, म्हणून हा लेख.

विळ्याच्या आकाराच्या पेशी

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी बशीसारख्या गोल, मधोमध खोलगट व लवचीक असतात. केसाहून कितीतरी बारीक अशा रक्तवाहिन्यांतून त्या अंग चोरून निघून जातात. प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन नावाच्या तांबड्या प्रथिनाचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू असतात व फुप्फुसांतून प्राणवायू उचलून तो सर्व शरीरभर पोहोचविणे हे त्यांचे काम होय.

सिकलसेलच्या रोग्यामध्ये हे हिमोग्लोबिन किंचित निराळे असते. प्राणवायू सोडून दिला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब ताठ काड्या बनतात व त्या काड्या पेशीला आतून ताणून विळ्याचा आकार देतात. अशा वाकड्या, कडक पेशी बारीक वाहिन्यांत अडकून पडतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि मग तो ठणका सुरू होतो. थंडी, ताप, अतिश्रम व पाणी कमी पिणे ह्यांमुळे तो बळावतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी दहा-वीस दिवसांतच नाश पावते. म्हणून अशा मुलाच्या अंगात रक्त कमी पडते व त्याचे डोळे पिवळे दिसतात.

१९१० साली अमेरिकेतील शिकागो शहरी जेम्स हेरिक ह्या डॉक्टराने वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात ह्या पेशी पाहिल्या व त्यांचे वर्णन छापले. भारतात त्या प्रथम १९५२ साली निलगिरी पर्वतातील आदिवासींमध्ये आढळल्या. आपल्या बाजूला हा दोष आहे हे नागपूरच्या शुक्ला व सोलंकी ह्या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट' ह्या इंग्रज वैद्यकीय नियतकालिकात जगापुढे मांडले. त्यानंतर विदर्भात आणि सातपुड्याच्या दोन्ही अंगांना, गोंडादी आदिवासींमध्ये व इतर अनेक समाजांमध्येही तो असल्याचे दिसून आले आहे. तेव्हा तो अमुक एका जातीचा रोग आहे असे म्हणून कोणी कोणाकडे बोट दाखवू नये.

चूक केवढी?

१९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ह्या रोग्यांचे हिमोग्लोबिन मुळातच वेगळे असते. पण किती वेगळे? त्याचे उत्तर १९५६-५७ साली केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम ह्यांनी शोधले, आणि ते ऐकून आजही मन थक्क होते.

हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो. त्यांतील बीटा नावाची साखळी १४६ दुव्यांची आहे. सिकलसेलच्या रोग्यात ह्या १४६ दुव्यांपैकी फक्त सहावा दुवा बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन नावाचे दुसरे आम्ल येऊन बसते. बाकी सारी साखळी अगदी जशीच्या तशी. एका दुव्याने सारा अनर्थ होतो.

मग ही साखळी अशी चुकीची का ओवली जाते? कारण ती ज्या लिखित आज्ञेवरून ओवली जाते, त्या आज्ञेतच एक अक्षर चुकलेले असते. ती आज्ञा ज्यावर लिहिलेली आहे त्या धाग्याचे नाव डी. एन. ए.

दोन पदरांचा पीळ

हा पदार्थ पहिल्याने हाती लागला तो एका रुग्णालयाच्या टाकाऊ पट्ट्यांतून. १८६९ साली जर्मनीतील ट्युबिंगन येथे फ्रीडरिश मीशर ह्या तरुण स्विस डॉक्टराने जखमांच्या पुवाने भरलेल्या पट्ट्या धुऊन, त्यांतील पेशींच्या केंद्रकांतून एक पांढुरका पदार्थ वेगळा काढला. त्याचे मोल जगाला पाऊणशे वर्षे उमगले नाही. १९४४ साली अमेरिकेत एव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी ह्यांनी सूक्ष्म जंतूंवर प्रयोग करून दाखविले की आनुवंशिक गुण वाहून नेणारा पदार्थ तो हाच.

त्याची घडण कशी असावी हे शोधण्यासाठी लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन ही विदुषी क्ष-किरणांनी त्याची छायाचित्रे घेत होती. १९५२ च्या मे महिन्यात तिच्या हाताखालचा विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग ह्याने तिच्या देखरेखीखाली घेतलेल्या एका छायाचित्रात फुलीच्या आकाराची खूण स्पष्ट उमटली. पिळाच्या आकृतीची ती खूण होती. त्या व इतर पुराव्यांच्या आधारे केंब्रिजच्या जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक ह्यांनी २५ एप्रिल १९५३ रोजी 'नेचर' ह्या नियतकालिकात डी. एन. ए. ची रचना प्रसिद्ध केली. १९६२ साली त्या दोघांना व मॉरिस विल्किन्स ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रोझलिंड फ्रँकलिन १९५८ सालीच, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, कर्करोगाने निवर्तली होती. तिच्या कष्टांची खरी किंमत लोकांना पुष्कळ उशिरा कळली.

ती रचना आपल्या शेतकऱ्यांस समजावयास मुळीच कठीण नाही. अंबाडीचा दोर वळताना आपण दोन पदर घेऊन एकमेकांभोवती पीळ देतो. डी. एन. ए. हाही असाच दोन पदरांचा पीळ होय. मात्र त्याचे पदर एकमेकांना घासून बसलेले नसतात. शिडीच्या दोन बाजूंप्रमाणे ते थोड्या अंतरावर असतात व मधोमध पायऱ्या असतात. दोन्ही बाजू साखर व फॉस्फेट ह्यांच्या बनलेल्या आहेत. प्रत्येक पायरी दोन अर्ध्या तुकड्यांची आहे. हे तुकडे चारच प्रकारचे: अॅडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन. हीच आनुवंशिकतेच्या लिपीची चार अक्षरे. अॅडेनिनची जोडी नेहमी थायमिनशीच जुळते आणि ग्वानिनची सायटोसिनशीच. हा नियम कधी मोडत नाही असे नाही, पण तो मोडला तर दुरुस्ती करणारी प्रथिनेही पेशीत कामावर असतात.

ह्या जोडीच्या नियमात फार मोठे शहाणपण भरलेले आहे. एक पदर वाचला की दुसरा कसा असणार हे आपोआप कळते. पेशी दुभंगावयाची वेळ आली म्हणजे पीळ उलगडतो, दोन्ही पदर वेगळे होतात, व प्रत्येक पदराला जोडीदार अक्षरे येऊन मिळतात. एका दोराचे दोन दोर होतात आणि दोन्ही मूळ दोरासारखेच.

तीन तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दाला प्रथिनाच्या साखळीतील एक दुवा, अशी ही भाषा आहे. बीटा साखळीच्या सहाव्या दुव्याचा शब्द ग्वानिन-अॅडेनिन-ग्वानिन असा असावयास हवा. सिकलसेलमध्ये त्यातील मधले अॅडेनिन जाऊन तेथे थायमिन येते. आई व बाप ह्यांच्याकडून मिळणाऱ्या प्रत्येक प्रतीत सुमारे ३२० कोटी अक्षरे असतात. त्यांपैकी हे एक.

संत्र्यात वीस किलोमीटर धागा

आता एक निराळेच कोडे उभे राहते. दोन्ही प्रती मिळून सुमारे ६४० कोटी जोड्या झाल्या. दोन जोड्यांमधील अंतर एका मिलिमीटरच्या तीस लाखांश भागाइतके असले, तरी सर्व धागा सरळ ताणून धरला तर त्याची लांबी दोन मीटर भरते. एवढा धागा ज्या केंद्रकात राहतो, त्याचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सहापट, एवढाच असतो!

आकडे डोळ्यांसमोर येत नाहीत, म्हणून आपल्याच मुलखातील दोन वस्तू घेऊ. ते केंद्रक दहा हजार पट मोठे केले अशी कल्पना करा. ते सहा सेंटिमीटर व्यासाच्या संत्र्याएवढे होईल. त्याच प्रमाणात वाढविलेला डी. एन. ए. चा धागा कापसाच्या एका तंतूएवढा जाड होईल, म्हणजे सरकीपासून निघालेल्या एकट्या तंतूएवढा, कातलेल्या सुताएवढाही नव्हे. आणि त्याची लांबी होईल वीस किलोमीटर! एका संत्र्याच्या पोटात कापसाच्या तंतूचे वीस किलोमीटर, तेही ४६ तुकड्यांत, सरासरी सुमारे ४३५ मीटरांचा एक तुकडा. शिवाय एकही तुकडा गुंतता कामा नये, हवे ते अक्षर हव्या त्या वेळी वाचता आले पाहिजे, आणि पेशी दुभंगताना प्रत्येक तुकड्याची एक एक प्रत दोन्ही बाजूंना बिनचूक गेली पाहिजे.

ज्या घरात आजीने कधी टकळीवर सूत कातले असेल त्या घरी ह्या अडचणीचे मर्म सांगावयास नको. सूत मोकळे सोडले की त्याचा गुंता झालाच. म्हणून ते गुंडाळावे लागते. निसर्गातही नेमके तेच केलेले आहे.

रिळे, वेढे आणि गुंडे

डी. एन. ए. ला गुंडाळावयास पेशीत हिस्टोन नावाची प्रथिने असतात. चार प्रकारचे हिस्टोन, प्रत्येकी दोन दोन, असे आठ एकत्र येऊन एक छोटे रीळ तयार होते. त्या रिळाभोवती १४७ जोड्यांचा धागा सुमारे पावणेदोन वेढे घेतो. मग थोडा मोकळा धागा, मग पुढचे रीळ. धाग्यावरील फॉस्फेटाचा विद्युत्भार ऋण असतो व हिस्टोनांचा धन. त्यामुळे धागा रिळाला आपसूक बिलगून बसतो, त्याला डिंक लागत नाही. एका केंद्रकात अशी सुमारे तीन कोटी रिळे असतात. आपल्या संत्र्याच्या मापाने पाहिले तर एक रीळ खसखशीच्या दाण्याच्याही दशांशाएवढे भरेल.

१९७४ साली अमेरिकेत डोनाल्ड व अडा ओलिन्स ह्या पतिपत्नींनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही रिळे दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी दिसत असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी रॉजर कॉर्नबर्ग ह्यांनी रिळाची घडण सांगितली, आणि १९९७ साली झ्युरिख येथील शास्त्रज्ञांनी त्याचे अणू-अणूपर्यंतचे चित्र मिळविले.

रिळांची ही माळ पुढे कशी दुमडली जाते ह्याविषयी जुन्या पुस्तकांत एक नेटकी आकृती असे: माळेचा जाड पीळ, त्या पिळाचा आणखी जाड पीळ, अशी. आता जिवंत पेशींत पाहिल्यावर असे दिसते की प्रत्यक्ष मांडणी इतकी साचेबंद नाही. माळ ठिकठिकाणी सैलसर दुमडलेली असते. कडीच्या आकाराची काही प्रथिने तिला पकडून फास ओढावेत तशी तिचे लांब लांब वेढे पाडतात. एरवी हे वेढे केंद्रकात पसरलेले असतात; पेशी दुभंगण्याच्या वेळी मात्र दुसऱ्या जातीच्या कड्या त्यांना घट्ट आवळतात व मग जाडजूड, आखूड कांड्या तयार होतात. रंग दिला की त्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतात. त्यांनाच गुणसूत्रे म्हणतात. जिनिंगमध्ये सैल रुई दाबून तिच्या गाठी बांधतात, कारण सैल रुई गाडीत भरून नेता येत नाही. गुणसूत्र म्हणजे डी. एन. ए. ची प्रवासासाठी बांधलेली गाठच समजा. मनुष्याच्या सर्वांत मोठ्या गुणसूत्रात साडेआठ सेंटिमीटर धागा असतो आणि आवळल्यावर त्याची लांबी मिलिमीटरचा शंभरावा भाग एवढीच उरते.

मनुष्याची गुणसूत्रे किती, हेही पुष्कळ वर्षे चुकीचे मोजले जात होते. पंडित ४८ म्हणत. १९५६ साली स्वीडनमध्ये जो हिन त्यिओ व अल्बर्ट लेव्हान ह्यांनी ती ४६ आहेत हे निश्चित केले: २३ आईकडची, २३ बापाकडची. आपल्या संत्र्याची १८ असतात, देशी कापसाची २६ आणि अमेरिकन कापसाची ५२. तेव्हा संख्येवरून थोरवी ठरवू नये, नाहीतर कपाशी आपल्यापेक्षा श्रेष्ठ ठरेल! कधी गाठींच्या मोजणीतच चूक होते. १९५९ साली पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून, मार्त गोतिए व रेमों त्युर्पँ ह्यांनी दाखविले की डाउन लक्षणसमूह असलेल्या मुलांमध्ये एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते.

सिकलसेलमध्ये मोजणी चुकत नाही. गाठी ४६ च असतात. चूक असते ती अकराव्या गुणसूत्रात, सुमारे साडेचार सेंटिमीटर धाग्यातील एका अक्षरात. म्हणूनच गुणसूत्रे मोजून ती सापडत नाही.

मठातील वाटाणे

आता घरोघरच्या त्या कुजबुजीकडे वळू: हे आले कोणाकडून?

ह्याचे उत्तर देणारा नियम एका संन्यस्त धर्मगुरूने शोधून काढला आहे. ऑगस्टिनियन संघाचे फादर ग्रेगोर मेंडेल हे ब्रनो येथील संत थॉमसच्या मठात राहत असत. १८५६ पासून १८६३ पर्यंत त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे वाढविली, एकाचे पराग दुसऱ्यावर टाकले व पिढ्यान्‌पिढ्या दाणे मोजले. फेब्रुवारी व मार्च १८६५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष वाचून दाखविले आणि १८६६ साली ते छापले. कोणी फारशी दखल घेतली नाही. पुढे ते मठाधिपती झाले व १८८४ साली वारले. १९०० साली जगाला त्यांच्या कामाची ओळख पटली.

मेंडेल ह्यांना आढळले की प्रत्येक गुणाचे दोन अंश असतात, एक आईकडून व एक बापाकडून. आणि संततीला प्रत्येकाकडून दोहोंपैकी कोणता तरी एकच मिळतो. आपण आताच पाहिलेल्या गाठींच्या जोड्या त्या ह्याच. सिकलसेलला हा नियम तंतोतंत लागू पडतो.

ज्याच्या अकराव्या गुणसूत्रांच्या जोडीत एकच प्रत चुकलेली आहे तो 'वाहक' होय. दुसरी प्रत बरोबर असल्यामुळे त्याचे रक्त व्यवस्थित काम करते. तो शेतात राबतो, लग्न करतो, म्हातारा होतो, आणि आपल्याजवळ काही आहे हे त्याला बहुधा कळतही नाही. वाहक आजारी नसतो, ही गोष्ट प्रत्येकाने पक्की ध्यानात ठेवावी. ज्याच्या दोन्ही प्रती चुकलेल्या आहेत तोच रोगी.

पती व पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणी चार शक्यता असतात. चारांत एक, मूल सर्वस्वी निर्दोष. चारांत दोन, मूल वाहक. चारांत एक, मूल रोगी. पहिले मूल रोगी झाले म्हणून पुढची तिन्ही सुटली असे मात्र समजू नये. दर वेळी नाणे नव्याने उडविले जाते. दोघांपैकी एकच वाहक व दुसरा निर्दोष असेल तर काही मुले वाहक होतील, पण सिकलसेलचा रोगी कोणीही होणार नाही.

तेव्हा सिकलसेल झालेल्या मुलाला चुकलेली एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळालेली असते. एकट्या सुनेला दोष देणारी सासू आपल्याच मुलाच्या रक्तातील अर्धा वाटा विसरते. आणि खरे म्हणजे दोष दोघांचाही नाही; ज्याला जे मिळाले तेच त्याने पुढे दिले.

ही चूक इतकी पसरली कशी, हेही सांगितले पाहिजे. १९५४ साली अँथनी अॅलिसन ह्यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिले की वाहकांना जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. ज्या रानावनांत हिवताप घरोघर मुले नेत होता तेथे वाहक मुले तगून राहिली, आणि त्यांच्याबरोबर ते अक्षरही तगून राहिले. आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांचे प्राण ह्याच चुकीने वाचविले असतील.

मिटलेले पान

गुंडाळण्याचा आणि ह्या रोगाचा आणखी एक संबंध आहे, व त्यात मोठी आशा दडलेली आहे.

सिकलसेलचे मूल जन्मतः ठणठणीत दिसते. त्रास सुरू होतो तो पाच-सहा महिन्यांनंतर. ह्याचे कारण असे की आईच्या उदरात असताना बाळ निराळे हिमोग्लोबिन वापरते. त्याची आज्ञा अकराव्या गुणसूत्रातच, बीटाच्या शेजारी लिहिलेली असते, व तिच्यात ही चूक नसते. जन्मानंतर काही प्रथिने त्या आज्ञेपाशी येऊन बसतात. तो भाग घट्ट मिटला जातो व बीटाचे पान उघडते. आज्ञा खोडलेली नसते, फक्त मिटून ठेवलेली असते. जो धागा रिळांवर सैल असेल तो वाचला जातो, जो घट्ट आवळलेला असेल तो वाचला जात नाही. पेशीच्या कारभाराचे हे एक मोठे सूत्र आहे.

हे पान मोठेपणी थोडे जरी पुन्हा उघडले, तरी रोग्याला आराम पडतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध बाळपणीच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते व त्यामुळे ठणक्याचे झटके कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मधूनमधून रक्त तपासूनच घ्यावे लागते. बी.सी.एल. ११ ए. नावाचे प्रथिन ते पान मिटण्याचे काम करते, हे २००८ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखविले. पुढे रोग्याच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी बाहेर काढून, त्या प्रथिनाची आज्ञा तेवढी कातरून, पेशी परत अंगात घालण्याचा उपचार निघाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबरात अमेरिकेने त्यास मान्यता दिली. त्याची किंमत अमेरिकेत सुमारे २२ लाख डॉलर ठरविण्यात आली. तो गरिबाच्या दारी येण्यास अवधी आहे. तरी जे एके काळी अशक्य होते ते शक्य झाले आहे, आणि शक्य झालेली गोष्ट आज ना उद्या स्वस्त होते, असा पुष्कळ औषधांचा इतिहास आहे.

आपण काय करावे?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. ज्या भागांत हा दोष आहे तेथील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावी व २०४७ पर्यंत हा रोग हटवावा, असा त्याचा संकल्प आहे. ह्या अभियानात रक्ताची तपासणी विनामूल्य होते. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावरून प्राथमिक चाचणी करतात. तीत काही आढळले तर पुढील चाचणीने वाहक कोण व रोगी कोण हे निश्चित ठरते, आणि तसे कार्ड मिळते.

ज्या घरी असे मूल आहे त्या घरच्यांनी त्याला भरपूर पाणी पाजावे, थंडीत उबदार ठेवावे, अतिश्रम देऊ नयेत, फॉलिक आम्लाच्या गोळ्या व लसी चुकवू नयेत. ताप आला, श्वास लागला किंवा छातीत दुखू लागले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला दवाखान्यात न्यावे. ते दुखते म्हणते तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावा. ही सर्वांत स्वस्त शुश्रूषा होय, आणि बहुतेक घरी तीच विसरली जाते.

लग्नाची वेळ मात्र विशेष विचाराची आहे. सोयरीक जुळविताना आपण शेती पाहतो, घराणे पाहतो, शिक्षण पाहतो. त्याच बैठकीत दोन्हीकडची रक्ततपासणीची कार्डे पाहिली तर काय बिघडले? मुलीचे कार्ड मागावयाचे व मुलाचे झाकून ठेवावयाचे, हा अन्याय होय. दोन्ही कार्डे एकदम उघडावीत. शक्य तर बोलणी लागण्याच्या आधीच, तरुण-तरुणी सोळा-अठरा वर्षांची झाली की, तपासणी करून घ्यावी. पत्रिका छापून झाल्यावर कार्ड उघडण्यात दोन्ही घरांना क्लेश होतात. वाहकाने लग्न करू नये असे मुळीच नाही. निर्दोष जोडीदाराशी केलेल्या त्याच्या लग्नात रोगी मूल होण्याची भीती नाही. दोघेही वाहक निघाले तर त्यांनी डॉक्टरांशी व आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलून, सारे समजून-उमजून निर्णय घ्यावा. विवाहपूर्व शिकवणुकीत ह्या विषयाला अर्धा तास दिला तर तो वाया जाणार नाही.

आणि जे मूल ह्या दुखण्यासह जन्माला आले आहे, त्याच्या योग्यतेत त्या एका अक्षराने तिळमात्र उणेपणा येत नाही. बाकीची सारी कोट्यवधी अक्षरे त्याची स्वतःची आहेत. त्याचे हसू, त्याचा आवाज, त्याचे आजोबांसारखे नाक, हे सारे त्याच दोन मीटर धाग्यातून आलेले आहे. ते वेचणीला येऊ शकत नसेल, पण शाळेत जाऊ शकते, आणि औषध वेळेवर मिळाले तर पुष्कळ वर्षे आपल्यात राहू शकते.

१९ जून हा दिवस जगभर सिकलसेल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसाची वाट मात्र पाहू नये. यंदाची वेचणी आटोपली की एक दिवस काढून आपल्या घरातील सर्वांनी, आजीपासून नातवापर्यंत, जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे, आणि मिळालेले कार्ड घरातील महत्त्वाच्या कागदांबरोबर जपून ठेवावे.